मागच्या खोपीतली मोटर

"टाका मामा!"

मी ओरडले आणि दोरीचं टोक धरून मागं सरले. भिंतीपलीकडं खटका पडल्याचा आवाज आला. मोटर क्षणभर अडखळली, गुरगुरली आणि मग तिनं सूर धरला. खोपीचे पत्रे थरथरायला लागले. आत मामांनी लेथचं हिरवं बटण दाबलं असणार, कारण लोखंडाला पातं लागल्याचा तो बारीक, किर्र आवाज सुरू झाला.

"राजी, हे काय गं?"

वळून बघितलं तर अंगणात माझा दादा उभा. पॅन्ट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, हातात पिशवी, तोंडावर असा भाव की बहिणीला कुणी औताला जुंपलेलं बघितलंय.

"मोटर चालू करत होते."

"ते दिसलं. पण तू?"

"मग कोण? आत्ती?" मी हसत म्हटलं. "आत्ती मिक्सरचं बटण लाटण्यानं दाबतात. करंट लाकडातनं येत नाही म्हणतात."

दादा हसला नाही. दोरीनं लाल झालेल्या माझ्या तळव्यांकडं बघत राहिला.

मामा म्हणजे माझे सासरे, शामराव लोहार. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मामांनी उभी हयात कोल्हापुरात एका कारखान्यात टर्नर म्हणून काढली. तो बंद पडल्यावर तिथलंच एक जुनं लेथ, लोखंड कातायचं मशीन, त्यांनी मुरगूडकडच्या आमच्या गावी आणलं आणि घराच्या पुढच्या खोलीत, सोप्यात, बसवलं. गुऱ्हाळाच्या चरकांचे बुश, पंपांचे शाफ्ट, अशी कामं दारात चालत यायची. अडचण एकच होती. लेथची मोटर थ्री फेजची आणि आमच्या गल्लीत लाइन सिंगल फेजची. घरात यायच्या दोन तारा, मोटरला हव्यात तीन.

त्यावर मामांनी जुन्या लोकांकडून ऐकलेली युक्ती केली. मागच्या अंगणात, सोप्यापासून मागंपर्यंत गेलेल्या लांब भिंतीला लागून, पत्र्याची खोप घातली आणि तिच्यात दुसरी एक मोटर बसवली. तिला पट्टा नाही, काम नाही, नुसती रिकामी फिरायची. पण ती फिरायला लागली की तिच्यातून तिसरी तार जिवंत व्हायची आणि लेथला तिन्ही तारा मिळायच्या.

मात्र ती आपण होऊन सुरू व्हायची नाही. दोन तारांवर तिला कळायचंच नाही कुणीकडं फिरायचं. जागच्या जागी गुरगुरत राहायची, आणि तशीच ठेवली तर जळायची. म्हणून पुलीला दोरी गुंडाळायची, जोरात हिसडा द्यायचा, आणि ती वेगात आली की आतल्या माणसानं खटका टाकायचा. हिसडा ज्या बाजूला, त्या बाजूला ती फिरणार. आणि ती जशी फिरणार तसंच आत लेथही फिरणार.

मामांचा उजवा खांदा कारखान्यातच निकामी झाला होता. लेथवर उभं राहून छातीसमोरची कामं ते भल्याभल्यांना लाजवतील अशी करायचे, पण हिसडा द्यायला हात मागं जायचा नाही. दोरी ओढायचा माझा नवरा, रणजित. तो काविळीनं गेला. पाच-सात दिवस ताप काय आला आणि माणूस काय संपला. मी तेवीस वर्षांची होते, आणि आमची ईश्वरी अजून पालथीसुद्धा पडत नव्हती.

त्यानंतर मशीन बंदच होतं. मामा सकाळी उठून लेथवरची धूळ पुसायचे, तेल घालायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. एक दिवस मला ते बघवेना. मी खोपीत गेले, दोरी गुंडाळली आणि ओरडले, "मामा, टाका!"

पहिल्या दिवशी मी चुकले. मी डावखुरी, दोरी माझ्या हाताला सोयीची अशी, म्हणजे उलटी गुंडाळली. आत लेथ उलटं फिरलं. मामा पळतच मागं आले. रागावले नाहीत. मला आत नेऊन लेथचं चक दाखवलं, ते जाडजूड लोखंडी चाक, ज्याच्या जबड्यात काम धरतात.

"हे आट्यांवर बसवलंय. सुलटं फिरतंय तोवर घट्ट. उलटं फिरलं की सुटतं. सुटलं की माणसाच्या छातीवर येतं. कळलं?"

"कळलं."

"मोटरीला आपलं असं काय नसतंय. हात सांगंल तिकडं जाती ती बिचारी."

तेव्हापासून माझा हात कधी चुकला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दोरीनंच मला उभं केलं. हिसडा देताना पाय रोवायचा तिथं खोपीच्या मातीत रणजितच्या टाचेनं खळगा पडला होता. माझी टाच त्यात बसायची. रोज सकाळी मी तिथं पाय ठेवायचे, आणि मग दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा.

दादा जेवायला बसला. आखाडाचा महिना, बाहेर पाऊस धरून होता. आत्तींनी भाकऱ्या थापल्या, वाटीत तेल-चटणी घातली. ईश्वरी त्यांच्या मांडीवर होती. ती जागी असली की कायम तिथंच असायची. "नाक बघ की, नाक," प्रत्येक येणाऱ्याला आत्ती सांगायच्या, "रणजितचं उचलून ठेवलंय."

"मामा, जरा बोलायचं होतं," दादा म्हणाला.

"बोल की."

"आमच्या मिरजेत आयटीआयचे प्रवेश चालू हाईत. इलेक्ट्रिशियनचा कोर्स. हिची बारावी झालीय, ती पण सायन्स. माझ्याकडं राहील, पोरीला हिची वहिनी बघंल. दोन वर्षांत पायावर उभी राहील."

आत्तींनी ईश्वरीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं, मग परत नीट केलं.

"मला नाही जायचं," मी म्हटलं.

"का?"

का ते मला सांगता आलं नसतं. खोपीतल्या खळग्याचं सांगितलं असतं तर दादानं मला वेड्यात काढलं असतं. मग जे सांगता येईल ते सांगितलं. "मी गेले तर मामांचं मशीन कोण चालू करणार?"

"राजी, अगं जन्मभर दोरी ओढत बसणार काय तू?"

"ओढीन."

"गडी लावतील एखादा."

"कोण येतंय दादा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा दोरी ओढायला? आणि उलटी गुंडाळली त्यानं तर? माझ्याशिवाय मशीन चालू होत नाही. होतंय का मामा?"

मामा भाकरी मोडत होते. "ते बी खरंच हाय," ते म्हणाले, आणि मोडलेला तुकडा तसाच ताटात ठेवून उठले.

दादा संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. जाताना मामांना म्हणाला, "प्रवेश संपायच्या आत मी परत येतो. तिला समजवा तुम्ही." मामांनी मान हलवली. मला वाटलं, आपण जिंकलो.

पुढचे काही दिवस मामांचं काहीतरी चाललं होतं. दुपारी मशीन बंद करून ते खोपीत जायचे आणि पत्र्याचं दार ओढून घ्यायचे. मला म्हणायचे, "वायरिंगचं काम हाय, पोरीला घेऊन लांब बस." एकदा आतून फट्ट असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मी पळाले, तर दारातूनच म्हणाले, "काय न्हाई, फ्यूज गेला." एकदा कोल्हापूरला जाऊन आले. रात्री त्यांचं आणि आत्तींचं हळू आवाजात बोलणं चालायचं. मी पाणी प्यायला उठले की बंद व्हायचं. आत्तींचे डोळे सकाळी सुजलेले असायचे. मुलाच्या आठवणीनं, असं मी धरून चालले. माझेही असायचेच की.

मग एके दिवशी लेथच्या वरच्या भिंतीवर एक करड्या पत्र्याचा डबा दिसला. त्याला लाल दिवा, खाली नवा खटका.

"हे काय मामा?"

"कंडेन्सरचा डबा. दोरीचं काम आता ह्यो करणार. दादाला येऊ दे तुझ्या, मग दावतो."

दादा आला त्या दिवशी पावसानं सकाळपासून झोडपलेलं. घरावरचे पत्रे असे वाजत होते की शेजारी बसून बोललेलं कळेना. आत्ती घरात नव्हत्या. "दळण आणायला गिरणीत गेली," मामा म्हणाले. "एवढ्या पावसात?" मी विचारलं. मागचं दार त्यांनी आतून कडी घालून बंद केलं होतं. पाणी आत येतंय म्हणाले. मधल्या खोलीत, त्या दाराला लागूनच, ईश्वरीची झोळी टांगलेली. ती झोपली होती.

"उत्तम, ये इकडं. राजश्री, तू बी ये."

दादा आणि मी लेथपाशी उभे राहिलो. मामांनी कधी नव्हे ते धुतलेला सदरा घातला होता. मला जरा हसूच आलं, मशीन दाखवायला एवढी तयारी!

"आता बघा. दोरी न्हाई, काय न्हाई."

त्यांनी पान्हा उचलला आणि भिंतीवर दोनदा ठोकला. "नवा खटका हाय, बसत न्हाई नीट," म्हणाले. मग डावा तळहात भिंतीला टेकवून, मान खाली घालून, उभे राहिले. वैद्यानं नाडी बघावी तसे. आणि खटका टाकला.

भिंतीपलीकडून मोटरीचा सूर आला. मी ओळखला, तो मी झोपेतही ओळखला असता. डब्यावरचा लाल दिवा लागला.

मामांनी हिरवं बटण दाबलं. लेथ फिरलं, उलटं.

मामांनी क्षणात लाल बटणावर हात मारला. चक दोन वेढे घेऊन थांबलं. त्यांनी वरचा खटकाही बंद केला.

"तारा उलट्या लागल्या वाटतं मामा," दादा म्हणाला.

मामा भिंतीकडं बघत होते. बराच वेळ बघत होते. मग मोठ्यानं, पावसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "एकदा सुलटं फिर! एकदाच. मग काय रुसायचं ते रूस माझ्यावर."

दादा हसला. मलाही नवल वाटलं नाही. मामा मशीनशी बोलायचेच. काम फसलं की शिव्या द्यायचे, जमलं की थोपटायचे.

पुन्हा काही होईना. मामा नुसते उभे. डबा उघडला नाही, एका तारेला हात लावला नाही. पावसाचा आवाज तेवढा. झोळीत ईश्वरी कुरकुरली म्हणून मी मधल्या खोलीत गेले, मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिले आणि झोळीला झोका देत राहिले. मनात म्हणत होते, होऊ नकोस सुरू. देवा, नको होऊ दे सुरू.

बऱ्याच वेळानं पान्ह्याचे दोन ठोके ऐकू आले. मोटर गुरगुरली, सुरात आली. मी सोप्यात आले तोवर लेथ फिरत होतं, सुलटं, आणि मामा पितळी बुशावर पातं लावत होते. पिवळी कात कुरळी होत खाली पडत होती.

"झालं," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. "आता दोरीबिरीचं काय काम न्हाई."

"बरं झालं की," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "पण कधी बिघडलं तर? लाइट गेली, परत चालू करायचं—"

"बटण दाबायचं. दिसलं न्हाई तुला?" मामांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "आता तुझं हितं काय काम हाय? मशीन चालतंय. म्हातारा-म्हातारी आमचं आम्ही बघतो. पोरीला घे आणि जा दादाबरोबर."

"मामा..."

"जा म्हटलं न्हवं?"

पातं बुशावर ठेवून त्यांनी पाठ केली.

मी पिशवी भरली. ईश्वरीची दुपटी वाळली नव्हती, ओलीच घडी केली. इतका वेळ माझ्याकडं एक कारण होतं. त्या कारणाला धरून मी त्या घरात उभी होते. लाल दिव्याच्या एका डब्यानं ते काढून घेतलं. सासर सोडून जाणाऱ्या बाया रडतात म्हणे. मला रडू आलं नाही. राग आला होता, आणि रागानं हात भराभर चालत होते.

निघताना आत्ती पुढच्या दारानं आल्या. नखशिखांत भिजलेल्या, पदर अंगाला चिकटलेला. उजव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं हाताला?"

"गिरणीच्या पायरीवर घसरले. खरचटलं."

बोलता बोलता त्यांनी मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. माझी, विधवेची. शेजारची बाई दारातून बघत होती, तिच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फडकं गुंडाळलेल्या ओंजळीतून तांदूळ सांडत होते. ईश्वरीला त्यांनी घेतलं नाही. नुसतं तिच्या नाकावर बोट टेकवलं आणि आत गेल्या.

मामा बाहेर आले नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत मोटरीचा आवाज ऐकू येत होता.

मी आयटीआय केलं. पुढं दोन वर्षं एका कारखान्यात उमेदवारी केली, मग शिकवायचं शिक्षण घेतलं, आणि आता मीच आयटीआयमध्ये पोरापोरींना वायरिंग शिकवते. ईश्वरी तिसरीत आहे. पहिलं वर्षभर मी सासरी पाऊल टाकलं नाही. आत्तीच महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायच्या, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. नातीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि शेवटच्या गाडीनं परत जायच्या. पुढं राग विरला. दिवाळीला, जत्रेला जाणं सुरू झालं. जावं तेव्हा एक तर लेथ आधीच चालू असायचं, डब्यावर लाल दिवा, नाही तर मामा म्हणायचे, "आज काम न्हाई, आज नातीसंगट खेळणार." ईश्वरी त्यांच्या खांद्यावर बसायची, डाव्या. माझी नोकरी लागली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले, मला मात्र एवढंच म्हणाले, "शॉक बसू देऊ नगंस."

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. झोपेतच. लेथ गडहिंग्लजचा एक माणूस घेऊन गेला.

आणि परवा, वर्गात.

सिंगल फेजवर थ्री फेजची मोटर कशी चालवायची, हा धडा होता. टेबलावर छोटी मोटर ठेवली, तिच्या तिसऱ्या टोकाला कंडेन्सर जोडला, बटण दाबलं. फिरली. कंडेन्सरची तार दुसऱ्या टोकाला लावली, बटण दाबलं. उलटी फिरली. पोरं खूश.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तार न बदलता कधी आपोआप उलटी फिरेल का?"

"नाही. कंडेन्सर ज्या टोकाला, त्याच बाजूला फिरणार. शंभर वेळा चालू केलीस तरी त्याच बाजूला. तार न बदलता दिशा बदलायची असेल तर..."

"तर?"

"तर हातानं फिरवावी लागेल."

मी बोलले आणि माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. पावसात वाजणारे पत्रे. भिंतीवर दोन ठोके. उलटं फिरलेलं चक. मामांनी तारेला हातसुद्धा लावला नव्हता, आणि दुसऱ्यांदा ते सुलटं फिरलं होतं. मी खडू खाली ठेवला. पोरांना म्हटलं, "वाचा पुढचं," आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्या डब्यात काही असो नसो, त्या दिवशी मोटर डब्यानं सुरू झाली नव्हती. मागं खोपीत कुणीतरी दोरी ओढत होतं. आणि घरात नसलेलं माणूस एकच होतं.

रविवारी ईश्वरीला घेऊन मी गावी गेले. आत्ती सोप्यात, लेथ होतं त्या मोकळ्या जागेत, चटई टाकून बसल्या होत्या. ईश्वरी त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि त्यांनी सवयीनं तिची वेणी सोडायला घेतली.

"आत्ती, एक विचारू?"

"विचार की."

"मी गेले त्या दिवशी तुम्ही गिरणीत गेलाच नव्हता ना?"

त्यांची बोटं केसांत तशीच चालत राहिली. म्हणाल्या, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आता कळलं."

"आता?" त्या किंचित हसल्या. "लई शिकलीस तवा कळलं."

मग त्यांनी सांगितलं. मामांनी खरंच कंडेन्सर जोडून बघितले होते. एक फुटला, बाकीच्यांवर मोटर नुसती गुरगुरायची, उचलायची नाही. "टर्नर माणूस त्यो. विजेचं त्यास्नी काय कळणार? आन् तुझा दादा तर येऊन ठेपला. मग म्हणाले, तू ओढ."

"तुम्ही? तुम्ही तर मिक्सरला..."

"रबरी चप्पल घातली हुती. रणजितची. मोठी हुयाची पायात, पर घातली."

"आणि नंतर? मी गेल्यावर?"

"नंतर कोण ओढणार? मीच की. मशीन हुतं तवर." त्यांनी उजवा तळवा पुढं केला. मधोमध घट्टा होता, पिवळा, चिवट. इतकी वर्षं तो हात माझ्या लेकीच्या डोक्यावरनं फिरत होता, आणि मला वाटायचं, भाकऱ्यांचा असेल.

"मामा मला तसं का बोलले मग?"

"गोड बोललं असतं तर तू गेली असतीस व्हय? रागानं गेलेलं माणूस मागं बघत न्हाई, म्हणायचे. त्या दिवशी जेवले न्हाईत. मशीन चालू ठिवून नुसते हुबं हुते तितं. काम बी न्हवतं लावलेलं."

ईश्वरी दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. काहीतरी हलकं बोलावं म्हणून मी डोळे पुसत म्हटलं, "तरीच पहिल्यांदा उलटं फिरलं. दोरी उलटी गुंडाळलीत होय तुम्ही? पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं. माझंही चुकलं होतं."

आत्तींचा हात थांबला.

"चुकले न्हवते," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. त्यांनी ईश्वरीच्या सुटलेल्या केसांवरनं तळवा फिरवला.

"ह्यांनी सतरांदा दावलं हुतं कशी गुंडाळायची. मी मुद्दाम उलटी गुंडाळली. म्हटलं, बाकी कुणाला कळणार न्हाई, हिला कळंल. हात उलटा फिरल्याबगार मशीन उलटं फिरत न्हाई, हे घरात तुझ्यापरास कुणाला ठावं हुतं? म्हटलं, कळंल आन् थांबंल. पोरगी ऱ्हाईल माझ्यापाशी."

"मामांना कळलं होतं?"

"तवाच. ते वराडले न्हाईत का, एकदा सुलटं फिर म्हणून? तुमास्नी वाटलं, मशीनला म्हणत्यात."

ईश्वरीच्या केसांचे तीन पदर त्यांनी बोटांत घेतले आणि वेणी घालायला सुरुवात केली, हळूहळू, एकही केस ओढला जाणार नाही अशी.

"मग दुसऱ्यांदा सुलटी का गुंडाळलीत, आत्ती?"

"कडी आतनं हुती," त्या म्हणाल्या. "दाराला कान लावला तवा झोळीची कुरकुर ऐकू येत हुती मला पल्याडनं. तू झोका देत हुतीस ते बी. आता उघडशील, आता उघडशील म्हणून दोरी हातात धरून लई वेळ हुबी ऱ्हायले गं मी पावसात." त्यांनी वेणीच्या टोकाला रिबनीची गाठ मारली. "तू दारच उघडलं न्हाईस."